दूरचा पल्ला, बेताची चाल
दीर्घ पल्ल्याची सायकलयात्रा आणि गमावलेल्या दमसासाची पुनःप्राप्ती

तंजावरच्या उत्तरेस सुमारे तेरा किलोमीटरवर, कावेरीच्या काठी तिरुवैयारु हे गाव वसले आहे. ‘तिरु’ म्हणजे पवित्र, ‘ऐ’ म्हणजे पाच आणि ‘आरु’ म्हणजे नदी. पाच नद्यांच्या सान्निध्यातील पुण्यस्थळ, असा या नावाचा अर्थ. संत त्यागराजांचे वास्तव्य येथेच होते. १८४७ साली त्यांनी येथेच देह ठेवला आणि दरवर्षी पौष वद्य पंचमीस त्यांच्या समाधीपाशी शेकडो गायक-वादक एकत्र बसून त्यांच्या कृती गातात.

मराठी वाचकाला हा परिसर परका नाही. व्यंकोजीराजांनी सतराव्या शतकात तंजावरला स्थापिलेली भोसल्यांची सत्ता १८५५ पर्यंत टिकली. बृहदीश्वराच्या भिंतींवर १८०३ साली कोरलेला भोसले वंशाचा मराठी इतिहास आजही वाचता येतो. याच घराण्यातील सरफोजीराजे दुसरे यांच्या काळात तंजावर मुलखात, विशेषतः रामेश्वराच्या वाटेवर, यात्रेकरूंसाठी छत्रे चालविली जात. ओरत्तनाडु येथील मुक्तांबाळ छत्र त्यांपैकीच एक. सरफोजीराजांनी १८०१ साली इंग्रज रेसिडेंटाला लिहिलेल्या पत्रात या छत्रांच्या कामाचे सविस्तर वर्णन आहे. वाटसरूला तेथे शिजविलेले अन्न मिळे आणि जो आजारी पडे त्याला औषधोपचार मिळत. बरे वाटेपर्यंत त्याला तेथे राहता येई.

त्या काळी रामेश्वराला जाणारा माणूस असामान्य बळाचा नसे. तो वृद्ध असे, दुबळा असे, कधी नुकताच आजारातून उठलेला असे. तरीही तो शेकडो कोस चालून जाई; कारण त्याची चाल बेताची होती, मुक्काम ठरलेले होते आणि प्रकृती बिघडल्यास थांबण्याची सोय होती. दूरच्या प्रवासाचे हे जुने शहाणपण आज एका आधुनिक क्रीडाप्रकारात जसेच्या तसे आढळते. तो प्रकार म्हणजे दीर्घ पल्ल्याची सायकलयात्रा, अर्थात ‘ब्रेव्हे’. आजारपणामुळे किंवा वर्षानुवर्षांच्या बैठ्या कामामुळे गमावलेले स्वास्थ्य परत मिळवू पाहणाऱ्याला ती पुष्कळ काही शिकविते.

शर्यत नव्हे, मुदत

ब्रेव्हे या फ्रेंच शब्दाचा अर्थ प्रमाणपत्र असा आहे. या प्रकाराची मुळे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सापडतात. १८९१ साली पॅरिसहून ब्रेस्ट या बंदरापर्यंत जाऊन परत पॅरिसला येण्याची सुमारे १२०० किलोमीटरची शर्यत प्रथम भरली. शार्ल तेराँ या सायकलपटूने ती सुमारे ७१ तासांत जिंकली. पुढे व्यावसायिकांची शर्यत मागे पडली आणि ठरलेल्या मुदतीत अंतर पुरे करणाऱ्या हौशी प्रवाशांची यात्रा तेवढी उरली. ती आता दर चार वर्षांनी होते आणि तिची कमाल मुदत ९० तासांची असते. २०१९ आणि २०२३ सालच्या यात्रांत भारतीय सायकलस्वारही मोठ्या संख्येने उतरले होते.

जगभरच्या ब्रेव्हेंचे नियम पॅरिसच्या ऑडॅक्स क्लबने घालून दिलेले आहेत. भारतात ऑडॅक्स इंडिया रँडोनर्स ही संस्था स्थानिक मंडळांच्या साहाय्याने त्या भरविते. मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर अशा शहरांत त्यांना चांगला प्रतिसाद लाभला आहे. २०० किलोमीटरसाठी १३ तास ३० मिनिटे, ३०० साठी २० तास, ४०० साठी २७ तास आणि ६०० साठी ४० तास अशी मुदत असते. एकाच हंगामात ही चारही अंतरे पूर्ण करणाऱ्यास ‘सुपर रँडोनर’ म्हणतात.

येथे पहिला-दुसरा असा क्रमांक काढला जात नाही. आठ तासांत परतणारा आणि तेरा तासांत परतणारा, दोघांनाही एकच मान मिळतो. वाटेत ठरावीक अंतरावर तपासणीची ठिकाणे असतात. तेथे प्रवासपत्रिकेवर नोंद करून घ्यावयाची, खावयाचे, पाणी भरावयाचे आणि पुढे निघावयाचे. दोन ठिकाणांच्या दरम्यान सोबतच्या वाहनाची मदत चालत नाही. चाक पंक्चर झाले तर ते स्वतःच दुरुस्त करावे लागते. मुदत साधारणपणे ताशी १५ किलोमीटर या गतीने आखलेली असते. म्हणजे शंभराव्या किलोमीटरचे ठिकाण ६ तास ४० मिनिटांनी बंद होते. ही गती सपाट रस्त्यावर सामान्य माणसाच्या आवाक्यातली आहे. ती तेरा तास टिकवून धरणे, हे मात्र कसोटीचे काम आहे.

तीन आठवडे आणि तीस वर्षे

दमसास किती लवकर जातो आणि किती परत येतो, याचे एक बोलके उदाहरण वैद्यकशास्त्रात प्रसिद्ध आहे. १९६६ साली अमेरिकेतील डॅलस येथे विशीतील पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणात पडून राहावयास सांगण्यात आले. एवढ्या अल्प काळात शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता, जिला दमसासाचे माप मानतात, ती सुमारे पाव हिश्शाने घटली. त्यानंतरच्या व्यायामाने ती पुन्हा वाढली.

तीस वर्षांनी, पन्नाशीला पोहोचलेल्या त्याच पाच जणांची पुन्हा तपासणी झाली. तीस वर्षांच्या वयोमानाने झालेली घट ही विशीतल्या तीन आठवड्यांच्या अंथरुणाने झालेल्या घटीपेक्षा कमी होती. मग त्यांना सहा महिने हळूहळू वाढत जाणारा, बेताच्या जोराचा व्यायाम देण्यात आला. त्यानंतर त्यांची सरासरी क्षमता तीस वर्षांपूर्वीच्या मूळ पातळीवर आली. विशीतील कठोर व्यायामाने गाठलेली उंची मात्र त्यांना पुन्हा गाठता आली नाही.

पाच माणसांवरील प्रयोगावरून सर्वांसाठी सिद्धान्त मांडता येत नाही. तरीही त्यातून दोन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. निष्क्रियता वयापेक्षाही अधिक झीज करू शकते, ही पहिली. आणि ती झीज भरून येण्यास महिने लागतात, ही दुसरी.

परत येणाऱ्याचा खरा धोका येथेच दडलेला असतो. हृदय आणि स्नायू काही आठवड्यांत व्यायामाला प्रतिसाद देऊ लागतात. हुरूप येतो, जुनी गती आठवते. स्नायूंना हाडाशी जोडणाऱ्या कंडरा मात्र फार सावकाश बळकट होतात. दम पुरतो म्हणून अंतर एकाएकी वाढविले की गुडघा किंवा टाच बंड करते आणि मिळविलेले सारे पुन्हा अंथरुणात हरवते. ज्याने पूर्वी कधी सायकल चालविलेली नाही तो निदान भीत भीत सुरुवात करतो. पूर्वीचा पटाईत सायकलस्वार आपल्या दहा वर्षांमागच्या शरीराच्या भरवशावर निघतो. म्हणून त्याने अधिक जपावयास हवे.

एका तासाचा हिशेब

२०० किलोमीटरचे गणित कागदावर मांडून पाहणे उद्बोधक ठरते. चालत्या सायकलीची गती ताशी १६ किलोमीटर असेल तर साडेबारा तास सायकलीवर जातात आणि विश्रांतीसाठी एकच तास उरतो. गती २० असेल तर दहा तास लागतात आणि साडेतीन तास शिल्लक राहतात. गती २५ केल्यास आठ तास पुरतात आणि शिल्लक साडेपाच तासांची होते.

वरवर पाहता २५ ची गती सर्वांत लाभाची वाटते. परंतु सपाट रस्त्यावर सायकलस्वाराचे बहुतेक बळ हवेचा अडथळा कापण्यात खर्च होते आणि त्यासाठी लागणारी शक्ती गतीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वीसवरून पंचवीसवर जाण्यासाठी हवेविरुद्ध जवळजवळ दुप्पट शक्ती लागते. दोन तास मिळविण्यासाठी एवढी किंमत नव्याने उभारी धरणाऱ्या शरीराने मोजू नये.

एक तास वाचवावयाचा असेल तर दोन मार्ग आहेत. गती वीसवरून सव्वाबावीसपर्यंत न्यावयाची, म्हणजे हवेविरुद्ध एकतृतीयांशाहून अधिक शक्ती नऊ तास खर्चावयाची, हा एक मार्ग. चार थांब्यांवर प्रत्येकी पंधरा मिनिटे कमी रेंगाळावयाचे, हा दुसरा. दुसऱ्या मार्गास एका थेंबाचाही घाम लागत नाही. अनुभवी रँडोनर थांब्यावर पोहोचण्यापूर्वीच मनाशी यादी करतो: नोंद, पाणी, अन्न, प्रसाधन, दिवे. ती संपताच तो निघतो.

शिल्लक राहिलेला वेळ हीच त्याची गंगाजळी असते. पंक्चर, उलटा वारा, पोटातील कळ, चुकलेले वळण, हे सारे तिच्यातूनच भागवावे लागते. मात्र ती पहिल्या पन्नास किलोमीटरांत धापा टाकीत जमवावयाची नसते; अशी घाईने जमविलेली शिल्लक शेवटच्या पन्नासांत सव्याज परत द्यावी लागते.

तिरुवैयारुहून समुद्रापर्यंत

पूर्वतयारीचा क्रम समजण्यास कावेरीचे खोरे सोयीचे उदाहरण आहे. तिरुवैयारु समुद्रसपाटीपासून साठ मीटरहून कमी उंचीवर आहे. तेथून कुंभकोणम आणि मयिलाडुतुरै या मार्गे कावेरीच्या मुखावरील पूम्पुहारपर्यंतचे अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास भरते. जाऊन-येऊन बरोबर एका २०० च्या ब्रेव्हेएवढा हा पल्ला आहे आणि वाटेत एकही घाट नाही.

सुरुवात मात्र पूम्पुहारची नव्हे. पहिल्या महिन्यात आठवड्यातून तीन-चार दिवस, अर्धा तास, तेही सोबत्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल इतक्याच जोराने. बोलताना श्वास तुटू लागला की गती उतरवावयाची. ही बोलण्याची कसोटी साधी असली तरी विश्वासार्ह आहे. रक्तदाबाच्या काही औषधांनी नाडीची गती दबलेली राहते. अशा वेळी मनगटावरील यंत्रापेक्षा हीच कसोटी अधिक उपयोगी पडते.

त्यानंतर आठवड्यातून एक लांब फेरी. तिरुवैयारुहून तंजावर आणि परत, म्हणजे पंचवीस-सव्वीस किलोमीटर, ही पहिली पायरी. पुढील पायरी पश्चिमेकडील कल्लणै धरणाची. जाऊन-येऊन साठ-सत्तर किलोमीटर. कुंभकोणमची फेरीही साधारण तेवढीच. दर आठवड्यास लांब फेरी सुमारे एक दशांशाने वाढवावी आणि दर चौथ्या आठवड्यास मुद्दाम कमी करावी, असा एक व्यवहारी दंडक आहे. या हिशेबाने पंचवीस किलोमीटरवरून दीडशेवर जाण्यास सुमारे पंचवीस आठवडे लागतात. आषाढात आरंभ केला तर पौष उजाडतो. डॅलसच्या प्रयोगातही सहाच महिने लागले होते. ज्याची एक फेरी दीडशेची झाली, तो योग्य गतीने दोनशे पुरे करू शकतो. त्याआधी दोनशेची हौस धरू नये.

तिरुवैयारुत या क्रमाचा वेगळा उपदेश करावा लागू नये. कर्नाटक संगीताचा विद्यार्थी प्रारंभीचे स्वरपाठ आधी विलंबित लयीत बसवितो, मग दुपटीत आणि त्यानंतर चौपटीत. पहिली लय कच्ची ठेवून कोणताही गुरू त्याला दुसरीत जाऊ देत नाही.

सपाट प्रदेशाचेही काही दोष आहेत. उतार नसल्याने पाय क्षणभरही मोकळे राहत नाहीत आणि बैठकही बदलत नाही. म्हणून दर दहा-पंधरा मिनिटांनी काही क्षण पेडलवर उभे राहणे आणि हँडलवरील हातांची जागा बदलत राहणे अगत्याचे आहे. एरवी करंगळी बधिर होते आणि बैठकीच्या जागी त्वचा सोलवटते. सीट फार खाली असेल तर गुडघ्याच्या पुढच्या बाजूस दुखू लागते. पेडल अगदी तळाशी असताना गुडघा किंचितच वाकलेला असावा. ही जुळणी जाणकाराकडून करून घेण्यास लागणारा वेळ सत्कारणी लागतो.

वाऱ्याचाही विचार हवा. ईशान्य मोसमी पावसाचे ऑक्टोबर ते डिसेंबर हे महिने या भागात सायकलीस प्रतिकूल असतात. जानेवारी-फेब्रुवारीत हवा तुलनेने सुसह्य असते आणि वारा बहुधा पूर्वेकडून येतो. समुद्राकडे जाताना तो तोंडावर, परतताना पाठीशी. अशा वेळी जाताना गतीकडे पाहू नये, श्रमाकडे पाहावे. मंद गतीचा खेद न करता जो निम्मा पल्ला गाठतो, त्याला परतीचा वारा हात देतो.

अन्न, पाणी आणि झोप

शरीरात साठविलेली साखर दीड-दोन हजार कॅलरींच्या आसपास असते. दहा तासांच्या श्रमास ती पुरत नाही. ती संपल्यावर पायांतील त्राण एकाएकी जाते, चिडचिड होते, निर्णय चुकू लागतात. म्हणून भूक लागण्याची वाट न पाहता पहिल्या तासापासूनच दर तासाला तीस ते साठ ग्रॅम पिष्टमय पदार्थ पोटात जावेत. एका मध्यम केळ्यात असे सुमारे पंचवीस ग्रॅम असतात. तंजावरकडील इडली आणि दहीभात, महाराष्ट्रातील गूळपोळी आणि साबुदाण्याची खिचडी, हे सारे या कामी उत्तम. जे घरच्या लांब फेऱ्यांत पचले तेच ब्रेव्हेत खावे. नवा पदार्थ त्या दिवशी नको. मूगडाळीचा ‘अशोका’ हलवा ही तिरुवैयारुची ख्याती. तुपाने ओथंबलेला तो पदार्थ परतल्यावर खाणेच श्रेयस्कर.

खोऱ्याच्या दमट हवेत घाम वाळत नाही आणि शरीर थंड होत नाही. अंगाला उष्म्याची सवय होण्यास एक-दोन आठवडे लागतात. पाणी तहानेनुसार प्यावे. नुसत्या पाण्याचा मारा केल्यास रक्तातील सोडियम घटून गुंगी, मळमळ, प्रसंगी जिवाला धोका संभवतो. मीठ घातलेले ताक किंवा लिंबाचे सरबत अधूनमधून असावे.

मोठ्या पल्ल्यांत रात्र ओलांडावी लागते. पुढचा-मागचा दिवा आणि प्रकाश परावर्तित करणारे जाकीट रात्री अनिवार्य असते आणि हेल्मेट तर सदैवच डोक्यावर हवे. दिवे असूनही झोपेला उपाय नाही. पापण्या जड झाल्या की रस्त्यापासून दूर, सुरक्षित जागी वीस मिनिटे झोप घ्यावी. स्वास्थ्य परत मिळवू पाहणाऱ्याने पहिल्या वर्षी २०० च्या पलीकडे, म्हणजे रात्रीच्या प्रदेशात, न शिरणे उत्तम.

माघार हाही निर्णय

हृदयविकार, मधुमेह, उच्च रक्तदाब किंवा मोठी शस्त्रक्रिया यांचा इतिहास असलेल्याने वैद्याच्या संमतीवाचून या वाटेस जाऊ नये. चाळिशीनंतर दीर्घ खंडाने परतणाऱ्यानेही आधी तपासणी करून घ्यावी. इन्शुलिन घेणाऱ्याने मात्रा आणि खाणे यांचा मेळ डॉक्टरांकडून समजून घ्यावा. दीर्घ श्रमाने साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते.

छातीत दडपण, हात किंवा जबड्याकडे सरकणारी वेदना, न शमणारी धाप, डोळ्यांपुढे अंधारी, असंबद्ध बोलणे, यांपैकी काहीही जाणवले तर त्या क्षणी थांबावे आणि वैद्यकीय मदत मागवावी. पुढचे ठिकाण पाचच किलोमीटरवर आहे, हा युक्तिवाद अशा वेळी प्राणघातक ठरू शकतो. सांध्याची तीक्ष्ण कळ प्राणावर बेतत नाही, परंतु तिचाही अर्थ तोच: आजचा प्रवास संपला.

माघार घेणारा कायमचा हरत नाही, याचा दाखला अत्युच्च पातळीवरही मिळतो. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून पूर्व किनाऱ्यावर जाणारी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४८०० किलोमीटरची शर्यत आहे. नाशिकचे डॉक्टर बंधू हितेंद्र आणि महेंद्र महाजन यांनी ती २०१५ साली दोघांच्या गटात नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली. सेनादलातील डॉक्टर श्रीनिवास गोकुलनाथ यांना २०१६ साली ती एकट्याने पुरी करता आली नाही. २०१७ साली ते पुन्हा उतरले आणि ती एकट्याने पूर्ण करणारे पहिले भारतीय ठरले. त्याच वर्षी नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनीही तोच पराक्रम केला. सामान्य माणसाने त्यांच्या पल्ल्याचे अनुकरण करावयाचे नाही. परंतु अपुऱ्या राहिलेल्या प्रवासानंतर एक वर्ष धीर धरून पुन्हा आरंभस्थानी उभे राहावे, एवढे त्यांच्याकडून अवश्य घ्यावे.

ब्रेव्हेची पुढची तारीख येतच असते. पल्ला अपुरा राहिला तर त्या दिवशीचे प्रमाणपत्र तेवढे जाते; सहा महिन्यांत कमावलेले हृदय, पाय आणि सवय ही शरीरापाशीच राहतात. छत्रात आजारी पडलेल्या यात्रेकरूला बरे वाटेपर्यंत ठेवून घेत; त्याची यात्रा मोडली असे कोणी मानीत नसे. रामेश्वर आपल्या जागी होते आणि वाटही आपल्या जागी होती. आजारातून उठून सायकलीवर मांड ठोकणाऱ्याने तेवढाच विश्वास मनाशी बाळगावा आणि पहिल्या सकाळी फक्त अर्धा तास फिरून घरी परतावे.